दत्ताचे सहा हात

नरखेड तालुक्यात कुत्रं कुणी पाळत नाही. ते असतं. वावर आहे, विहीर आहे, तर कुत्रंही आहे. पुण्याच्या पाहुण्यानं कौतुकानं विचारलं, "तुमच्याकडे डॉग आहे का?" की आमचे मोठे बाबा सरळ "नाई" म्हणून मोकळे होतात, आणि त्यांच्या खाटेखाली झोपलेला मोती एक डोळा उघडून पुन्हा मिटतो. त्यालाही ते मान्य असतं. डॉग सोफ्यावर बसतो. मोती संत्र्याच्या बगिच्यात नोकरीला आहे. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या पुढेमागे रंग धरतात, मृगाची होळीच्या सुमाराला, आणि ही दोन्ही वेळापत्रकं शेतकऱ्यापेक्षा माकडांना जास्त पाठ असतात. दिवसा माकडं, रात्री रानडुकरं, अधूनमधून रोही, आणि ऐन हंगामात एखादा दुचाकीवाला, ज्याची गाडी नेमकी आमच्याच लदलेल्या झाडाजवळ बंद पडते. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बऱ्याच जणांनी बऱ्याच जणांचे आभार मानले. मोतीच्या जातभाईंचे कुणी मानल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

आमचं घर म्हणजे एक वाडा, एक आंगण, दोन चुली आणि एक धुरा. धुरा वाड्यात नाही, वावरात आहे. मोठ्या बाबांचा बगिचा आणि बाबांचा बगिचा यांच्यामधली मातीची पट्टी, आणि तिच्यावर एक बोराचं झाड. ते झाड कोणाच्या बाजूला, यावरून दोघा भावांत मी शाळेत होतो तेव्हापासून बोलणं कमी आणि कागद जास्त. यात विशेष काही नाही. आमच्या भागात धुऱ्याचं भांडण नसलेल्या माणसाकडे जमीन तरी आहे की नाही, अशी शंका घेतात. मोती कागदोपत्री मोठ्या बाबांचा, पण भाकर तो दोन्ही चुलींची खायचा. वाड्यातली वाटणी न मानणारा तेवढा एकच जीव होता.

मग ब्रूनो आला.

माझ्या आतेभावानं नागपूरला हौसेनं लॅब्रॅडोरचं पिल्लू घेतलं. पुढं त्याची बदली झाली, आणि हौस काही सामानाच्या ट्रकमध्ये बसेना. फोनवर म्हणाला, "तुमच्याकडे एवढी मोकळी जागा आहे, अन् मोतीलेही सोबत होईल." मोतीनं सोबत मागितली होती का, हे कुणी विचारलं नाही. एकटं कुत्रं कंटाळतं, दुसरं आणलं की दोघं मजेत खेळतात, ही समजूत ज्यांच्या घरी एकच कुत्रं आहे किंवा एकही नाही, अशा लोकांमध्ये फार पक्की असते.

पहिलं वर्ष मात्र खरोखरच मजेत गेलं. ब्रूनो मोतीच्या शेपटीला लटकायचा, त्याच्या अंगावरून लोळत पलीकडे जायचा, त्याच्या ताटलीत चारही पाय ठेवून जेवायचा. मोती सगळं सोसायचा. कुत्र्यांच्या जगात पिल्लाला तेवढी सूट असते. आम्हाला वाटलं, जमलं! त्या काळातले दोघांचे फोटो आतेभावानं मागवून घेतले आणि स्टेटसला ठेवले. पण ही सूट मुदतीची असते. कुत्रं दीड-दोन वर्षांचं झालं, की ते अंगानंच नाही तर डोक्यानंही वयात येतं, आणि घरातल्या एकेका गोष्टीकडे बघून विचार करायला लागतं, की हे याचं का? माझं का नाही?

आणि त्या गोष्टी तरी केवढ्या! माणसं निदान एकरांसाठी भांडतात. यांची भांडणं खाटेखालच्या सावलीसाठी. सपरीच्या दारातून आधी कोण आत जाणार, यासाठी. बाबा बाजारातून आल्यावर त्यांच्या पिशवीला नाक कोण आधी लावणार, यासाठी. एका फुटक्या टोपल्यासाठी तर आठवडाभर दोघांनी एकमेकांकडे पाठ करून बसणं सोडलं होतं. हे टोपलं उकिरड्यावर पडलेलं होतं तोपर्यंत कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं. एके दिवशी ब्रूनो त्याच्यात जाऊन बसला, आणि त्या क्षणापासून मोतीला ते लहानपणापासून आपलंच असल्याचं आठवलं.

सगळ्यात मोठी मालमत्ता म्हणजे मोठी आई. तिचा दावा दोघांनीही कधीचाच दाखल केलेला. मोठी आई सपरीत तांदूळ निवडायला बसली की मोती येऊन तिच्या गुडघ्याला टेकायचा. ते दिसलं की ब्रूनो आंगणाच्या दुसऱ्या टोकाहून यायचा. धावत नाही, सहज निघाल्यासारखा, मध्येच काहीतरी हुंगल्याचं नाटक करत. पोहोचला की मोती आणि मोठी आई यांच्यामध्ये जी चार बोटांची फट असायची, तिच्यात आपलं तीस किलोचं शरीर घालायचा. मोती गुरगुरायचा, ब्रूनो ऐकू न आल्यासारखा बसायचा, आणि तांदळाचं सूप पालथं व्हायचं.

कुत्र्याला मत्सर बित्सर काही नसतो, ती आपली माणसांची कल्पना, असं शिकलेली मंडळी पुष्कळ दिवस सांगत होती. मग कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या विद्यापीठात क्रिस्टीन हॅरिस आणि त्यांच्या सहकारी बाईंनी छत्तीस पाळीव कुत्र्यांवर प्रयोग केला. तो २०१४ मध्ये छापून आला, म्हणजे आमच्या संत्र्याच्या मानांकनाच्याच वर्षी. मालकांना सांगितलं, की स्वतःच्या कुत्र्याकडे लक्ष देऊ नका, आणि भुंकणाऱ्या, शेपटी हलवणाऱ्या एका खेळण्यातल्या कुत्र्याचे लाड करा. मग एका प्लास्टिकच्या बादलीचे तसेच लाड करा. मग लहान मुलांचं पुस्तक मोठ्यानं वाचा. पुस्तकाचं कुत्र्यांना फारसं काही वाटलं नाही. बादलीचं थोडंफार वाटलं. पण खेळण्यातल्या कुत्र्याचे लाड सुरू होताच कुत्री मालकाला ढोसू लागली, मध्ये घुसू लागली, काहींनी तर त्या खेळण्यावर दात चालवले. आणि बहुतेकांनी त्याची शेपटी जिथं सुरू होते तिथं हुंगून, हा खरा आहे की कसा, याची रीतसर चौकशी केली.

हा प्रयोग आमच्याकडे दरवर्षी होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गल्लीतली पोट्टी आपापले लाकडी बैल सजवून, चाकांवर ओढत घरोघरी येतात, बोजारा, म्हणजे बैलाची ओवाळणी, मागतात. मोठी आई प्रत्येक बैलाला कुंकू लावते, ओवाळते आणि सवयीनं त्याच्या लाकडी कपाळावरून हात फिरवते. एका वर्षी शेजारच्या पोराचा नंदी जरा मोठा होता. मोठ्या आईचा हात त्याच्या कपाळावर फिरला मात्र, मोती उठला आणि आरतीच्या ताटाखालून मान घालून मध्ये उभा राहिला. ब्रूनोनं मागच्या बाजूची चौकशी केली, तिथं सागवानापलीकडे काही न सापडल्यानं चिडला आणि नंदीचं एक चाक तोडून पळाला. चाकासाठी मोती त्याच्या मागं. पोट्टं रडायला लागलं, ते दोघांच्या मागं. एका चाकाचे बोजाऱ्याव्यतिरिक्त वेगळे पैसे मोजावे लागले.

त्याच दिवशी आमच्या तालुक्याच्या हद्दीपलीकडे, मध्य प्रदेशात पांढुर्ण्याला गोटमार असते. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. पात्रात झेंडा लावलेलं पळसाचं झाड, आणि ते कुणी न्यायचं यासाठी दोन्ही काठांवरून दिवसभर दगड. शेकडो माणसं फुटलेली डोकी बांधून घरी जातात. प्रशासनानं मागे एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले, तर लोकांना ते जमेना. तेव्हा एका लाकडी चाकावरून आंगणात जे झालं, त्याबद्दल मी जनावरांना फार बोल लावला नाही.

सल्ले मात्र चहूकडून येऊ लागले. पहिला आला फोनवर, आतेभावाचा. तो यूट्यूबवर शिकून बसला होता, की कळपात एक अल्फा असतो. "तू अल्फा हो. आधी तू जेव, मग त्यांना दे. दारातून आधी तू निघ. ब्रूनो अंगावर आला, तर त्याला उताणा करून दाबून धर." हे सगळं ज्या लांडग्यांवरून आलं, ते रानातले लांडगे नव्हतेच. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या लांडग्यांचं वागणं लिहून ठेवलं. त्याच धर्तीवर डेव्हिड मीच या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९७० मध्ये पुस्तक लिहिलं. ते गाजलं. नंतर त्यानं रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले, तर तिथला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं. अल्फा म्हणजे नुसता बाप! मग तो स्वतःच प्रकाशकाच्या मागं लागला, की बाबा, ते पुस्तक छापणं थांबव. हे मी आतेभावाला सांगितलं. तो म्हणाला, "अरे पण व्हिडिओत तर..." आमच्या वाड्यात आधीच दोन अल्फा आहेत आणि त्यांचा दावा चालू आहे, तिसऱ्याची जागा नाही, असं सांगून मी फोन ठेवला.

मोठ्या बाबांचा उपाय धार्मिक होता. त्यांनी देवघरातल्या दत्ताच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. "पाय. चार कुत्रे हायेत. चार! एक तरी दात काढून राह्यलं काय? देवाचा धाक लागते."

मला तोपर्यंत ही तसबीर कधी कुत्र्यांच्या बाजूनं पाहायचं सुचलं नव्हतं. चार कुत्री म्हणजे चार वेद, हे लहानपणी ऐकलेलं. पण वेद असले तरी कुत्रीच. युधिष्ठिराबरोबर हिमालय चढलं ते एकच कुत्रं होतं. नामदेव तुपाची वाटी घेऊन ज्याच्या मागं धावले, तेही एकच. दुसरं असतं तर नामदेवांच्या धोतराचं काय झालं असतं, ते सांगता येत नाही. चार कुत्री शांत ठेवणारा मालक आपल्या परंपरेत एकटा दत्त. मी म्हटलं, "मोठे बाबा, त्याला सहा हात आहेत. चार कुत्र्यांना चार हात लावून वर दोन शिल्लक. आपल्याला आहेत दोन, त्यात एका हातात चहा."

मोठी आई भाजी चिरत होती. ती वर न बघताच बोलली, "अरे, डोये हायेत का तुले? साही हातांत काही ना काही हाये. शंख, चक्र, तिरसूळ, डमरू, माळ, कमंडलू. एकाही कुत्र्याले हात लावत नाई थो. तोंडं बी तीन, तिकडं तिकडं. कोनाकडं पाहून राह्यला, थे त्याहिले समजतच नाई. म्हनून जमते."

या एका वाक्याच्या पुढं मला नंतर कुणी काही शिकवू शकलं नाही. जनावरांचे डॉक्टर आमच्या गाईला इंजेक्शन द्यायला आले होते, त्यांनी जे सांगितलं ते याचंच सविस्तर रूप होतं. म्हणाले, कुत्रं ढोसतं म्हणून हात फिरवायचा नाही. ढोसून हात मिळतो हे कळलं, की दुसरं जोरानं ढोसतं. आधी बसायला लावा, शांत बसलं की मग हात. दोघांना एकाच वेळी जवळ घेऊन समेट घडवायला जाऊ नका. गुरगुरलं तर रागावू नका, कारण गुरगुरणं ही नोटीस असते. नोटीस काढायला बंदी केली, की कुत्रं थेट ताबा घ्यायला येतं. मग त्यांनी मोतीला चालवून पाहिलं, मागचा पाय दाबला. मोती कळवळला. सांधा दुखत होता. म्हाताऱ्या कुत्र्याचा राग पुष्कळदा रागाच्या जागी नसतोच, हाडाच्या जागी असतो. आम्ही ज्याला गर्व समजत होतो तो संधिवात होता. ब्रूनोचं खच्चीकरण करून घ्या, असंही ते म्हणाले. त्यावर बाबांचा चेहरा उगाचच पडला.

जेवणाचा प्रश्न वेगळाच होता. व्हिएन्नाला २००८ मध्ये झालेल्या एका अभ्यासात शेजारी शेजारी बसवलेल्या दोन कुत्र्यांना पंजा द्यायला सांगितलं. एकाला खाऊ दिला, दुसऱ्याला नाही. न मिळणाऱ्यानं थोड्या वेळात पंजा देणं बंद केलं. पण एकाला सॉसेज आणि दुसऱ्याला नुसता पाव दिला, तर पाववाल्यानं तक्रार केली नाही. मिळालं ना, बास. मोती मात्र व्हिएन्नाचा नाही. ब्रूनोला आतेभाव पिशवीतलं दाणेदार खाणं पाठवायचा, मोतीला भाकर. मोती आपली भाकर टाकून ब्रूनोच्या ताटलीकडे, ब्रूनो आपले दाणे सोडून मोतीच्या भाकरीकडे, आणि दोघांच्या मधल्या वाटेवर युद्ध. शेवटी ताटल्या वाड्याच्या दोन टोकांना गेल्या. एक गोठ्यामागं, एक सपरीत, मध्ये दार बंद. जेवण झालं की ताटल्या उचलायच्या, कारण रिकामी ताटलीही वारसाहक्कात येते.

मोठी आई या दोघांखेरीज गल्लीतल्या आणखी किती कुत्र्यांना भाकर घालते, याची नोंद कुठं नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं, ज्यांना मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचं असेल त्यांनी ती दत्तक घेऊन घरी न्यावीत, असा आदेश दिला. मोठ्या बाबांनी पेपरातली ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवली आणि मग बोटं मोजत गल्लीकडे पाहिलं. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली. मोठ्या बाबांनी आयुष्यात स्थगितीबद्दल समाधान व्यक्त केलेलं मी तेवढंच पाहिलं.

खरी मारामारी दारातच व्हायची, आणि बहुधा कुणी आल्यावर. फटकात माणूस दिसला की दोघं भुंकत सुटणार, अरुंद जागेत अंगाला अंग लागणार, आणि आलेल्या माणसावरचा सगळा आवेश एकमेकांवर निघणार. अशा वेळी मध्ये हात घालणारा पहिला दवाखान्यात जातो. कुत्रं त्या क्षणी हात कुणाचा ते बघत नाही. आमच्या गड्याला ते एकदा कळलं. जखम पंधरा मिनिटं साबणानं वाहत्या पाण्याखाली धुतली आणि लगेच सरकारी दवाखान्यात नेऊन लस टोचली. घरचं, लस दिलेलं कुत्रं असलं तरी यात हयगय करायची नाही. पुढे आम्ही शस्त्रसामग्री सुधारली. संत्र्याचं प्लास्टिकचं कॅरेट दोन थोबाडांच्या मध्ये सरकवायचं. ओलं गोणपाट टाकायचं. नाहीतर फवारणीचा पंप साध्या पाण्यानं भरून लांबूनच मारायचा. पंप नवा घेतला होता, औषधाचा नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण मोठ्या बाबांनी आधी जुनाच उचलला होता.

अमेरिकेत २०११ मध्ये एकाच घरात भांडणाऱ्या कुत्र्यांच्या ३८ जोड्यांचा अभ्यास छापून आला. त्यात ३० जोड्या एकाच लिंगाच्या होत्या आणि माद्यांची भांडणं बरीच. हे मी जेवताना सांगितलं, तर मोठे बाबा खूश होऊन म्हणाले, "घ्या! बायकांचं सगळीकडं सारखंच."

मोठ्या आईनं त्यांच्या ताटात वाढता वाढता विचारलं, "हाव. अन् आपल्या धुऱ्याची तारीख कोनं लावली? म्या अन् माह्या जावेनं?"

त्यानंतर वरण कुणी मागितलं नाही.

त्याच अभ्यासात आणखी एक होतं. भांडण उकरणारा बहुधा घरात नंतर आलेला असतो. त्यावर एक उपाय म्हणजे जुन्याचा मान राखायचा: आधी त्याला खाणं, आधी त्याला हाक, आधी त्याला दार. दुसरा उपाय म्हणजे फुकट कुणालाच काही द्यायचं नाही, जे हवं ते शांत बसून मिळवायचं. आम्ही दोन्ही एकदम सुरू केले. मोतीला आधी, पण बसल्यावर. ब्रूनोला नंतर, तोही बसल्यावर. फिरायला दोघांना साखळीनं, वाड्याबाहेर, दोन माणसांनी समांतर, अंतर ठेवून न्यायचं, आणि रोज ते अंतर थोडं कमी करायचं. बाबा आणि मोठे बाबा एकाच रस्त्यानं एकाच दिशेला शेजारी शेजारी चालताना गावानं पाहिलं ते असं. पारावर बातमी गेली, की आपसात मिटलं वाटतं. मिटलं काही नव्हतं. दोघांनी एकमेकांशी बोलण्यासाठी कुत्री वापरायला सुरुवात केली होती. "मोती, तुह्या शेजाऱ्याले म्हन, साखळी ढिली सोडू नको." "ब्रूनो, त्याहिले सांग, आपली साखळी आपन पाहू."

वाड्यात आता दोघांची हद्द ठरली आहे, आणि ती त्यांनीच ठरवली. खाटेखालचा भाग मोतीचा, सपरीची पायरी ब्रूनोची, तुळशीच्या अलीकडे दोघांचा वावर पण मुक्काम कुणाचा नाही. टोपलं मी जाळून टाकलं. रात्री मोती बगिच्यात, ब्रूनो घरी. ब्रूनोला बगिच्यात नेऊन पाहिलं होतं. त्यानं रानडुकरासमोर शेपटी हलवली आणि पडलेली संत्री खाल्ली.

धुऱ्याची मोजणी मात्र परवा झाली. मोजणीसाठी आलेले साहेब अनुभवी असावेत. मशीन उभं करण्याआधीच त्यांनी दोन्ही भावांना सांगितलं, "काकाजी, तुम्ही त्या टोकाला उभे राहा. अन् तुम्ही इकडं. मधात कोणी येऊ नका. काही बोलायचं तर माझ्याशी बोला, एकमेकाशी नाही. अन् आवाज चढला, तर मी थांबतो." मी त्यांच्याकडे आदरानं पाहिलं. मोती आणि ब्रूनो एकमेकांपासून रीतसर अंतर राखून सावलीत बसले होते, आणि बहुधा पहिल्यांदाच त्यांना माणसांची व्यवस्था समजत होती.

दुपारी मोठी आई डबा आणि चहा घेऊन आली. शहाणी बाई, तिनं दोन्ही कप एकाच वेळी, दोन हातांत, दोघांच्या बरोबर मध्ये उभं राहून पुढे केले. बाबांनी आपला घेतला, मोठ्या बाबांनी आपला. एक घोट झाला, आणि मोठे बाबा बोरीच्या झाडाकडे पाहत म्हणाले, "त्याच्या कपात बिस्किट दोन दिसून राह्यले."